खापर फोडायला हक्काचं डोकं

लेकीचा, वरदाचा फोन वाजत नाहीये, हे सुप्रभाताईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा साठावा दिवा वळून झाला होता. नवऱ्याच्या, म्हणजे पद्माकररावांच्या सहस्रचंद्रदर्शनाला कणकेचे एक्क्याऐंशी दिवे लागणार होते. गुरुजी स्लाऊहून अकराला येणार आणि दोनला त्यांना रीडिंगला वास्तुशांत, त्यामुळे यजमानांपेक्षा घाई त्यांचीच. सुप्रभाताईंचे हात कणकेत, डोळे घड्याळावर आणि कान त्या फोनकडे. मिठाच्या बरणीशेजारी तो सकाळपासून पालथा पडला होता आणि हूं की चूं करत नव्हता.

एरवी लंडनजवळच्या पिनरमधल्या या घरात सणाचं पान वाढलं की आधी वरदाचा फोन जेवायला बसायचा. आठ वर्षं ती शेजारच्या वेस्टमीड कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची लीडर होती. कुणाला कमिटीचं अध्यक्षपद हवं, कुणाला वॉर्डातला रस्ता, तर कुणाला नुसतंच कळवायचं की मी तुमच्याच बाजूचा. एका दिवाळीत तिने गराजमध्ये उभ्याउभ्या, एका कानाला फोन लावून वरणभात खाल्ला होता. तेव्हा सुप्रभाताई त्या फोनच्या नावाने बोटं मोडायच्या. आज तो गप्प होता तर त्यांना त्याचीच काळजी लागली.

"बॅटरी गेली का गं?"

"फुल आहे, आई." वरदा वाती तुपात भिजवत होती. "मे महिन्यात मी जाणार हे सगळ्यांना पाठ आहे. मला कशाला फोन करतील? बार्बराला करतात, नाहीतर आपल्या विनयला. पुढचा लीडर त्या दोघांतलाच कोणीतरी."

"अगं, पण उद्या तुझं मतदान आहे ना?"

"आहे. पक्षाच्या ग्रुपमध्ये आम्ही एकतीस. सोळा लागतात, माझ्याकडे बारा आहेत." तिने वात पिळली. "महिन्यापूर्वी वीस होते."

उद्याचं मतदान होतं हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या लायब्ररीचं. वरदाला तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी डे सेंटर करायचं होतं. दुपारचं गरम जेवण, जरा व्यायाम, आणि मुख्य म्हणजे बोलायला माणूस. तिच्या वॉर्डात कमलाकर राणे नावाचे एक विधुर गृहस्थ होते. दर मंगळवारी फार्मसीत जाऊन ते रक्तदाब मोजून घ्यायचे. रक्तदाब उत्तम होता, पण काउंटरवरची मुलगी त्यांना नावाने हाक मारायची. हे कळल्यापासून वरदाने त्या लायब्ररीचा ध्यास घेतला होता. खर्चासाठी हाय स्ट्रीटवरचं पहिल्या अर्ध्या तासाचं फुकट पार्किंग बंद करायचं, असा तिचा बेत होता, आणि तिथेच सगळ्यांचं घोडं पेंड खात होतं. उद्या ठराव पडला तर महिनाअखेर ती इमारत एका बिल्डरच्या घशात जाणार होती. वरदाच्या आठ वर्षांतली ही शेवटची गोष्ट, आणि तिला सगळ्यात जास्त हवी असलेली.

"काय खलबतं चाललीत?" पद्माकरराव आत आले. रेशमी कद, अंगावर उपरणं आणि पायांत लोकरी मोजे. या देशात पन्नास वर्षं म्हाताऱ्यांचे डॉक्टर म्हणून काढलेला माणूस आज स्वतःच्या म्हातारपणावर भलताच खूश होता.

"वरदाचं कोणी ऐकेना झालंय," सुप्रभाताई म्हणाल्या. "त्या आठ वर्षांच्या नियमामुळे."

"नियम उत्तम आहे. मीच लिहिलाय."

हे खरंच होतं. वरदाच्या आधीचा लीडर एकोणीस वर्षं खुर्चीवर होता. त्याला विचारल्याशिवाय कौन्सिलात पंखासुद्धा लागत नसे. तो गेल्यावर वरदानेच नियम मागितला की लीडरला चार-चार वर्षांच्या दोनच टर्म, पुढे नाही. आणि मसुदा याच डायनिंग टेबलावर पद्माकररावांनी केला होता.

"आठ वर्षं हा तर सोपा भाग," दर समारंभाला म्हणायचे तेच ते आता पुन्हा म्हणाले. "करामत आहे कलम चारमध्ये. ज्यांना पुढे लीडर व्हायचंय त्यांनी एक वर्ष आधी नाव जाहीर करायचं. का? तर हॉस्पिटलातला वॉर्ड कधी अचानक दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. हँडओव्हर जितका लांब, तितका पेशंट सुखरूप."

"आजोबा," दारात उभी राहून काजू खाणारी सान्वी म्हणाली. ही वरदाची लेक. युनिव्हर्सिटीत राजकारण शिकत होती आणि सुट्टीत घरी येऊन सगळ्यांना शिकवत होती. "तुमचं क्लॉज फोर हाच प्रॉब्लेम आहे. हॉस्पिटलमध्ये पेशंटला व्होट नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे एक वर्ष आधी नवीन लीडर दिसायला लागला, तर जुन्याचं कोण ऐकणार? आईकडे द्यायला काही राहिलंच नाही. पुढच्या वर्षीची कमिटी ती कुणाला प्रॉमिस करणार? पुढच्या वर्षी ती नाहीच. लिमिट आठ वर्षांचं आहे, पण तुम्ही तिची सातच ठेवलीत."

पद्माकरराव खुर्चीवर बसले. त्यांनी मनातल्या मनात ते कलम पुन्हा वाचलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "मी नियम म्हणून हॉस्पिटलच्या ड्यूटीचा तक्ता लिहिला."

"बाबा, उगाच वाईट वाटून घेऊ नका," वरदा म्हणाली. "मलाही तेव्हा ते फार आवडलं होतं."

"आज दुपारी बसून मी दुरुस्ती लिहितो. एक वर्षाऐवजी सहा आठवडे."

"आज दुपारी तुम्ही ओवाळून घ्या. माझ्याच वेळी नियम बदलला तर त्या एकोणीस वर्षंवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

सुप्रभाताईंना हे सगळं मुळातच पटत नव्हतं. "मी म्हणते, या घटनाबिटनांच्या नादी लागावंच कशाला? आमच्या महिला मंडळात तेवीस वर्षं घटना नाही. मी आहे."

आणि होत्याच. त्यांची सत्ता फ्रिजवर चिकटवलेल्या कागदात होती. मंडळाचा कार्यक्रम असो की घरचं कार्य, कुणी काय करून आणायचं हे त्या कागदावर त्या लिहीत. मर्जीतल्या बाईला पुरणपोळी, त्या खालोखाल मसालेभात, मधल्यांना कोशिंबीर. आणि जिने आगळीक केली तिला कागदी प्लेट्स. बोलून काही दाखवायचं नाही, पण ज्याला समजायचं त्याला समजायचं. आज त्या कागदावर प्लेट्सपुढे नाव होतं मालविकाचं, म्हणजे विनयच्या बायकोचं. विनयने चार दिवस वरदाचा फोन उचलला नव्हता, त्याची ही शिक्षा. मालविकाच्या हातचं श्रीखंड या पट्ट्यात प्रसिद्ध होतं, हे सुप्रभाताईंना पक्कं ठाऊक होतं.

साडेदहाला दोघं आली. विनय हा सुप्रभाताईंच्या गेलेल्या धाकट्या बहिणीचा मुलगा. जन्म स्लाऊचा, उंची सव्वासहा फूट, स्वभावाने लाघवी. वरदानेच त्याला हाताला धरून राजकारणात आणलं, निवडून आणलं, ग्रुपचा चीफ व्हिप केलं. कोण कुठे मत देणार याची खबर ठेवणं आणि नाठाळांना वळवणं हे आता त्याचं काम. त्याच्या शब्दाबाहेर न जाणारे पाच सभासद होते, आणि हे पाच वरदाच्या बारा जणांत नव्हते.

"मावशी, हॅपी हॅपी," म्हणत त्याने वाकून नमस्कार केला. मालविकाने प्लेट्सची पिशवी ओट्यावर ठेवली. "शंभर आहेत," ती तोडून म्हणाली.

पूजा झाली, मंत्र झाले, आणि साडेबाराला दिवे लागले. एक्क्याऐंशी दिवे मोठ्या परातीत मांडून सुप्रभाताई औक्षणाला उभ्या राहिल्या. पद्माकररावांचा चेहरा त्या उजेडात असा काही खुलला की त्यांना क्षणभर लग्नातला मुलगा दिसला. तेवढ्यात सान्वी ओरडली, "स्मोक अलार्म."

अलार्म वायरचा होता, बॅटरी काढायची सोय नाही. एकदा कोकलला की वरखाली सगळे कोकलणार आणि शेजारचे वॉल्टरआजोबा फायर ब्रिगेडला बोलावणार, जसं मागे एका मुंजीच्या वेळी घडलं होतं.

"विनय, स्टुलावर चढ," सुप्रभाताईंनी फर्मावलं. "हा टॉवेल घे आणि अलार्मपुढे हलवत राहा."

"किती वेळ, मावशी?"

"दिवे शांत होईपर्यंत. आज ते फुंकायचे नाहीत."

बाकीची मंडळी मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत जेवायला गेली. गुरुजींना पान वाढलं. हॉलमध्ये उरले एक्क्याऐंशी दिवे आणि स्टुलावर उभा राहून टॉवेल फिरवणारा चीफ व्हिप. वरदाने हे पाहिलं आणि खुर्ची ओढून ती त्याच्यासमोर बसली. चार दिवस फोन न उचलणारा माणूस आयता सापडला होता.

"आता बोलशील का?"

"ताई, हे अनफेअर आहे."

"आहेच."

सुप्रभाताई तुपाचं भांडं घेऊन आत आल्या. कोणी विचारलं असतं तर त्या दिवे बघायला आल्या होत्या. दोन दिवे मिणमिणत होते, त्यांत त्यांनी चमचाभर तूप घातलं.

"माझे पाच तुला पाहिजेत, मला माहितीये," विनय टॉवेल हलवत म्हणाला. "देतो. तू मला एन्डोर्स कर. आज, सगळ्यांसमोर. ताईचा कॅन्डिडेट विनय, एवढंच बोल."

"बार्बराला मी शब्द दिलाय की मी मध्ये पडणार नाही. तुलाही तोच दिलाय."

"अगं, बोल ना," सुप्रभाताईंच्याने राहवेना. "घरचाच तर मुलगा आहे. दोन शब्दांनी तुझं काय जाणार आहे?"

"घरचा आहे म्हणूनच नाही, आई."

सुप्रभाताईंनी ओठ आवळले आणि आणखी चार दिव्यांत तूप घातलं. विनय वरून बघत होता. "मावशी, तू ते भरतेयस?"

"एक्क्याऐंशी वर्षांचं कार्य आहे बाबा, दिवे लवकर जाऊन चालत नाही." मग त्यांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "आणि हे बघ विनय, गुढीपाडव्याचा कागद मी या आठवड्यात लिहिणार आहे. तू उद्या काय करतोस ते बघून लिहीन."

"तो कागद मला वाचता येतो, मावशी." आवाज दारातून आला. मालविका उभी होती, हातात रिकामी वाटी. "आजचाही वाचला. मी गेला आठवडाभर ह्याच्या मागे लागले होते की ताईंना मत दे. माझी आजी स्लाऊच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीशी बोलायची, मला नका सांगू डे सेंटर कशाला हवं ते. परवा तुमच्या यादीत माझ्यापुढे कागदी प्लेट्स आल्या. त्या दिवशी मी ह्याला म्हटलं, तुला काय करायचं ते कर."

सुप्रभाताईंच्या हातातला चमचा भांड्यातच राहिला. म्हणजे त्यांच्या बाजूचं एकच माणूस शत्रूच्या घरात होतं आणि नेमका त्यालाच त्यांनी फटका मारला होता. तेवीस वर्षांत त्या कागदाबद्दल असं तोंडावर कोणी बोललं नव्हतं. त्यांना रागही आला आणि लाजही वाटली, आणि दोन्हींत लाज जास्त भरली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. शब्द गिळायला जड गेले, पण म्हणाल्या. "राग त्याच्यावर होता, काढला तुझ्यावर. श्रीखंडाशिवाय पान कसं ओकंबोकं दिसतंय ते मी मघापासून बघतेय."

मालविका थोडीशी हसली. सगळं नाही, पण थोडंसं.

"ऐका ना, माझा हात दुखतोय," विनय म्हणाला. "ताई, खरं सांगू? मला सेंटर आवडतं. माझ्या पाच लोकांना पण आवडतं. ते पार्किंगची गोष्ट आहे. मे महिन्यात इलेक्शन. मतं मागायला गेलो की दारावर लोक ओरडणार, आणि तेव्हा तू नसशील. दारावर आम्ही असणार."

वरदा एकदम ताठ बसली. "परत म्हण."

"काय?"

"मी नसेन."

"तू नसशील. तू उभीच राहणार नाहीयेस. मग?"

वरदा हसायला लागली. गेल्या महिन्याभरात ती अशी हसली नव्हती, आणि सुप्रभाताईंना क्षणभर वाटलं हिला धूर बाधला.

"अरे, वर्षभर मी रडतेय की माझ्याकडे कुणाला द्यायला काही उरलं नाही. एक गोष्ट उरलीये की. खापर फोडायला डोकं. ते माझ्या डोक्यावर फोडा."

"म्हणजे कसं?"

"ठराव माझ्या एकटीच्या नावाने आणते. ग्रुपचं मतदान बंद दाराआड असतं, तुम्ही तिथे फक्त मत द्या. बाहेर मी सांगीन की पार्किंगचं माझ्या हट्टापायी झालं, बाकीच्यांचं मी ऐकलं नाही. पेपरात माझा फोटो जाऊ दे. मे महिन्यात तुमच्या लीफलेटवर ठळक अक्षरांत छापा, फुकट पार्किंग वरदाने घालवलं आणि वरदा गेली. तुम्ही सगळे नामानिराळे. बार्बरालाही मी आज संध्याकाळी हेच सांगणार आहे, शब्दाला शब्द, म्हणजे कुणाची बाजू घेतल्यासारखं होणार नाही."

विनयचा टॉवेल थांबला. अलार्मने एकदा किंचाळून पाहिलं, तसा तो घाईने पुन्हा हलायला लागला. "पण लोक तुला खूप शिव्या देतील."

"देतील. मला कुठे निवडून यायचंय? आणि त्या शिव्यांच्या बदल्यात सेंटरमध्ये जेवण मिळायला लागलं तर ते परत कोणी बंद करणार नाही. करून बघ म्हणावं."

"विनय," मालविका म्हणाली, "ताई तुला सोनं देतायत आणि तू टॉवेल काय हलवतोयस?"

"मावशीने सांगितलंय म्हणून हलवतोय." तो वरूनच विचारात पडला. मनात दारं मोजत असावा. "माझे पाच देतील. बार्बराचे पण दोनतीन येतील बहुतेक, त्यांना पण सेम भीती आहे." मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "सॉरी, ताई. फोन उचलायला पाहिजे होता. मला वाटलं तू शब्द मागशील आणि मला नाही म्हणता येणार नाही."

"म्हणूनच तर फोन करत होते," वरदा म्हणाली.

काजूचा डबा घेऊन सान्वी केव्हाची मालविकाच्या मागे येऊन उभी होती. "हे आमच्या लेक्चरमध्ये नव्हतं," ती म्हणाली.

एकट्या सुप्रभाताईंना ते पचेना. मत मिळालं, सेंटर होणार, लेक हसली, सगळं बरोबर होतं. पण देवळात एका बाईने वरदाच्या कापलेल्या केसांना नाव ठेवलं होतं, तिच्याशी त्या सहा वर्षं बोलल्या नव्हत्या. आता सबंध गाव नाव ठेवणार, तेही छापून.

"आणि मी ते ऐकून घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

"तुझाच तर खरा प्रश्न आहे, आई." वरदा उठून त्यांच्याजवळ आली. "तू एका ठिकाणी जरी माझी बाजू घेतलीस, तरी लोक विचारतील की मग खरं काय झालं. म्हणजे या सगळ्यांवर शेकणार. तू एक शब्द बोलायचा नाहीस. माझी शपथ घे."

"हे जरा जास्तच होतंय."

"घे."

सुप्रभाताईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अर्ध्या तासाने दिवे आपोआप शांत झाले आणि विनय स्टुलावरून उतरून जेवायला बसला. त्याला सुप्रभाताईंनी स्वतः वाढलं.

दुसऱ्या दिवशी ठराव वीस विरुद्ध अकरा असा पास झाला. वरदाचा निरोप आला तेव्हा पद्माकररावांनी टाळ्या वाजवल्या आणि कलम चारची दुरुस्ती लिहायला घेतली, पुढच्या लीडरसाठी. सुप्रभाताईंनी पाडव्याचा कागद लिहिला आणि श्रीखंडापुढे मालविकाचं नाव घातलं. प्लेट्स त्यांनी स्वतःकडे घेतल्या.

एप्रिलमध्ये लीफलेट्स आली. विनयने शब्द पाळला होता, जरा जास्तच पाळला होता. वरदाचा फोटो त्याने असा निवडला होता की ती कुणावर तरी खेकसतेय. सुप्रभाताईंनी ते लीफलेट एकदा वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं.

त्याच आठवड्यात त्या पद्माकररावांबरोबर वेस्टमीडच्या हाय स्ट्रीटवर भाजीला गेल्या. समोर लायब्ररीला परांची लागली होती आणि आत ठोकाठोक चालली होती. पद्माकरराव गाडीत बसून राहिले, सुप्रभाताई पार्किंगच्या मशीनपुढे रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक गोरी बाई होती, त्यांच्याच वयाची. तिने चार बटणं दाबली, चुकली, परत दाबली आणि मागे वळून बोलायलाच लागली. इतकी वर्षं फुकट होतं. पावाची एक लादी घ्यायला आता पैसे मोजायचे. सगळं त्या वरदाबाईचं काम. आडमुठी, गर्विष्ठ, कुणाला विचारेल तर शपथ. बरं झालं जातेय ती.

सुप्रभाताईंच्या जिभेवर इतकं काही आलं की दातांनी ते अडवावं लागलं. गाडीतून पद्माकरराव काचेला नाक लावून बघत होते, त्यांना सगळं कळलं होतं आणि ते नुसते मान हलवून नको नको म्हणत होते.

"तुम्ही ओळखता का तिला?" बाईने विचारलं.

"जन्मल्यापासून ओळखते," सुप्रभाताई म्हणाल्या. "पहिल्यापासून अशीच आहे. कुणाचं म्हणून ऐकत नाही."

बाईला बरं वाटलं. ती निघून गेली, आणि सुप्रभाताईंनी डोळे पुसून मशीनला कार्ड लावलं. काम अर्ध्या तासाचं होतं. त्यांनी एकदा लायब्ररीकडे पाहिलं आणि तीन तासांचं पार्किंग घेतलं.